ग्राफीन विकत घेण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "धातूवर लावायचे इपॉक्सी लेप बनवणारी आमची छोटी कंपनी आहे. एक पुरवठादार ग्राफीनची पावडर घेऊन आला आहे. पोलादाच्या दोनशे पट मजबूत, तांब्याहून सरस वाहक, गंज पूर्ण बंद, असं तो सांगतो. ग्राफीनबद्दल वीस वर्षं ऐकतो आहोत, पण ते प्रत्यक्ष उद्योगात कुठे वापरलं जातं? आम्ही ते घ्यावं का? आणि ग्राफीनसारखे आणखी पदार्थ आले आहेत म्हणतात, त्यांचं काय?"

पुरवठादाराने सांगितलेले आकडे हवेतले नाहीत. मात्र ते ज्या वस्तूवर मोजले गेले, ती वस्तू त्याच्या पिशवीत नाही. ग्राफीनबद्दलचा जवळजवळ सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मी अठरा वर्षं कार्बनचे असे पदार्थ रेझिनमध्ये (इपॉक्सीसारख्या, घट्ट होणाऱ्या राळेत) आणि प्लास्टिकमध्ये मिसळण्याचं काम करतो आहे. सुरुवातीची काही वर्षं हा फरक नीट न उमजल्यामुळे वाया गेली, म्हणून उत्तर जरा मुळापासून देतो.

पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. प्रत्येक पापुद्र्यात कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात. शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, आणि तो बंध निसर्गातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. पापुद्र्या-पापुद्र्यांमधलं अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर, आणि तिथली पकड अगदी क्षीण. म्हणूनच पेन्सिल कागदावर फिरवली की पापुद्रे सुटून रेघ उमटते. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे साधारण ३० लाख थर असतात. त्यातला एकच थर वेगळा काढला तर तो ग्राफीन.

असा सुटा थर कसा वागेल याचं गणित पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं, आणि ग्राफाइट ऑक्साइड तर बेंजामिन ब्रोडी यांनी १८५९ मध्ये बनवलं होतं. तरी एकच थर हाती धरून मोजमाप करणं जमलं ते २००४ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठात. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे पुन्हापुन्हा सोलले, आणि २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. चिकटपट्टीची गोष्ट सगळे सांगतात, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी ते पापुद्रे सुमारे ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ठेवले. त्या जाडीच्या ऑक्साइडवर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एका अणूच्या जाडीचा थरही साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखू येतो. पापुद्रे त्याआधीही सुटत असणारच. एक थर कोणता आणि दहा थर कोणते, हे पटकन ओळखण्याची सोय नव्हती. ही अडचण लक्षात ठेवा, कारण पुरवठादाराच्या पिशवीपाशी आपण पुन्हा तिच्यावरच येणार आहोत.

आता त्या आकड्यांकडे. मजबुतीचा आकडा २००८ मधल्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगातून आला आहे. एक-दीड मायक्रॉनच्या छिद्रावर ग्राफीनचा निर्दोष थर ताणून बसवला आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या हिऱ्याच्या टोकाने तो फाटेपर्यंत दाबला. त्यातून ताठरपणा सुमारे १ टेरापास्कल निघाला आणि फाटण्याचा ताण सुमारे १३० गिगापास्कल. बांधकामाचं साधं पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास तुटतं, त्यामुळे तुलनेला कोणतं पोलाद घेता त्यावर शंभर पट, दोनशे पट असे वेगवेगळे आकडे निघतात. नोबेल समितीने यासाठी सुंदर चित्र उभं केलं होतं: एक चौरस मीटर ग्राफीनची झोळी बांधली तर त्यात चार किलोचं मांजर झोपू शकेल, आणि झोळीचं वजन एक मिलिग्रॅमहूनही कमी, म्हणजे त्या मांजराच्या एका मिशीइतकं असेल. पण त्या झोळीत एकही दोष असता कामा नये. ग्राफीनमध्ये एकदा तडा गेला की तो ठिसूळ पदार्थासारखाच फाटत जातो. मजबुती वेगळी आणि चिवटपणा वेगळा, ही गोष्ट विक्रीच्या कागदावर कधी लिहिलेली नसते.

उष्णतेचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची उष्णतावाहकता मोजली. ती दर मीटर दर केल्व्हिन ५,००० वॅटच्या घरात निघाली. तांब्याची सुमारे ४०० असते. पुढे २०१० मध्ये तसाच थर सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवून मोजला तेव्हा आकडा ६०० च्या आसपास उतरला. थर तोच, त्यात दोषही नाहीत. नुसतं दुसऱ्या पदार्थावर टेकवल्याने अणूंची कंपनं त्या पदार्थात झिरपतात आणि वाहकता आठव्या हिश्शावर येते. मग चहूबाजूंनी इपॉक्सीने वेढलेल्या, काही मायक्रॉन लांबीच्या तुकड्यांचं काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तिथे उष्णता एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक सांध्यावर अडते. ग्राफीनच्या मिश्रणांचं यशापयश पापुद्र्याच्या आत क्वचितच ठरतं. ते बहुतेक वेळा पापुद्रा आणि रेझिन यांच्या सीमेवर ठरतं.

विजेबाबतही तसंच आहे. अधांतरी, अतिशुद्ध ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता २,००,००० चौरस सेंटिमीटर दर व्होल्ट-सेकंद या पातळीला जाते. सिलिकॉनमध्ये ती १,४०० च्या आसपास असते. पण ग्राफीनला बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वाहण्याआधी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) नाही, म्हणजे त्याचा ट्रान्झिस्टर केला तर तो पूर्ण बंदच होत नाही. संगणकाच्या चिपमध्ये सिलिकॉनची जागा ग्राफीन घेईल ही सुरुवातीची अपेक्षा याच कारणाने मागे पडली. २०२४ च्या सुरुवातीला जॉर्जिया टेक आणि चीनमधलं त्यानजिन विद्यापीठ यांनी सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या एका कार्बन थरात ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बँडगॅप दाखवला. मला ते काम फार मोलाचं वाटतं, पण तिथून कारखान्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

आणखी दोन गुण तुमच्या कामाशी थेट जोडलेले आहेत. निर्दोष ग्राफीनमधून हेलियमसुद्धा आरपार जात नाही. आणि एका ग्रॅमचं पृष्ठफळ, दोन्ही बाजू धरून, २,६३० चौरस मीटर भरतं. पहिला गुण गंज रोखायला हवाहवासा आहे. दुसरा एकाच वेळी वरदान आणि डोकेदुखी आहे, कारण एवढा पृष्ठभाग ओला करायला तुमचं रेझिन खर्ची पडतं आणि मिश्रण खिरीसारखं दाट होतं.

बाजारात ग्राफीन या नावाखाली किमान तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे फिल्म. तांब्याच्या पातळ पत्र्यावर १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास मिथेन सोडला की कार्बन तिथे एका थरात बसतो. २००९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे ही पद्धत पक्की झाली आणि २०१० मध्ये दक्षिण कोरियात ३० इंची फिल्म रोलवर बनवून दाखवली गेली. अडचण पुढे येते: थर तांब्यावरून सोडवून दुसरीकडे नेताना सुरकुत्या पडतात, फाटतो, पॉलिमरचे अंश चिकटून राहतात. टचस्क्रीनमध्ये इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाची जागा ती फिल्म घेईल असं वाटलं होतं. तसं घडलं नाही, कारण जुना पदार्थ पुरेसा चांगला होता आणि त्याची यंत्रणा आधीच उभी होती.

दुसरी वस्तू म्हणजे सोलून काढलेले पापुद्रे, आणि तुमच्याकडे बहुधा हेच आलं आहे. ग्राफाइट योग्य द्रावकात किंवा साबणाच्या पाण्यात जोरदार घुसळलं की थर सुटतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये हे स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरमध्ये, भांड्यांचा साबण वापरून करून दाखवलं. पद्धत स्वस्त आहे आणि मोठ्या प्रमाणावर चालते. पण निघतात ते एकापासून शेकडो थरांपर्यंतचे सगळे तुकडे, आणि ते वेगळे करणं खर्चिक असतं. तिसरी वस्तू ग्राफीन ऑक्साइड. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरण्याची हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ ची पद्धत थोड्या फेरफाराने आजही चालते. यात एकेरी थर सहज सुटतात आणि पाण्यात छान मिसळतात, मात्र वाहकता जाते. नंतर ऑक्सिजन काढून टाकला तर ती थोडीफार परत येते, पण जाळीत पडलेली भोकं पूर्ण बुजत नाहीत. याखेरीज राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने २०२० मध्ये कचऱ्यातल्या कार्बनला विजेचा क्षणिक झटका देऊन ग्राफीन बनवलं. त्यातले थर एकमेकांवर नीट रचलेले नसतात, त्यामुळे ते सुटे करणं सोपं जातं. माझं त्यावर बारीक लक्ष आहे.

आता पिशवीत काय असतं ते पाहू. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१७ च्या व्याख्येप्रमाणे एक थर म्हणजे ग्राफीन, दोन म्हणजे द्विस्तरी, तीन ते दहा म्हणजे अल्पस्तरी ग्राफीन. त्यापुढे नॅनोप्लेटलेट किंवा सरळ ग्राफाइट. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० पुरवठादारांचे नमुने तपासून निकाल प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या मालात अल्पस्तरी ग्राफीनचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी होतं, आणि कुणाच्याही मालात ते ५० टक्क्यांच्या वर नव्हतं. म्हणजे ग्राफीन म्हणून विकली जाणारी वस्तू बहुतांशी बारीक दळलेलं ग्राफाइट होती. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे, चाचणीच्या पद्धतीचं मानकही २०२१ मध्ये आलं, पण तपासल्याशिवाय माल घेऊ नये हा माझा नियम मी बदललेला नाही.

एका पुरवठादाराने आम्हाला "तीन ते पाच थर" असं लिहिलेली पावडर दिली होती. सोबतच्या रामन आलेखात (लेसरचा प्रकाश पदार्थावरून कसा विखुरतो ते दाखवणारा हा आलेख, त्यावरून थर किती ते कळतं) २,७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं शिखर एकेरी थराला शोभेल असं उंच आणि सुबक होतं. आम्ही स्वतः त्याच पिशवीतून वीस ठिकाणचे नमुने घेऊन आलेख काढले, तर वीसपैकी अठरा जाड ग्राफाइटचे निघाले. त्यांनी छापलेला आलेख खोटा नव्हता. त्यांनी पिशवीतला सर्वांत चांगला पापुद्रा शोधून त्याचा आलेख छापला होता. म्हणून एकच आलेख दाखवला तर तो मान्य करू नका. अनेक जागांचे आलेख मागा, आणि त्यांचा विस्तार बघा.

प्रयोगशाळा हाताशी नसेल तर एक सोपी युक्ती सांगतो. पुरवठादाराकडून बीईटी पद्धतीने (पावडरीवर किती वायू चिकटतो त्यावरून) मोजलेलं, दर ग्रॅमला किती चौरस मीटर ते पृष्ठफळ मागा आणि २,६३० ला त्या आकड्याने भागा. उत्तर म्हणजे थरांची ढोबळ सरासरी. पृष्ठफळ ३०० असेल तर सरासरी नऊ थर, ५० असेल तर पन्नासच्या वर. कोरड्या पावडरीत सुटे थर पुन्हा एकमेकांना चिकटलेले असू शकतात, त्यामुळे हा हिशेब थोडा कडक आहे. तरीही ज्या मालाचं पृष्ठफळ २० आहे आणि नाव ग्राफीन आहे, त्याच्याबद्दल पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष उद्योगात ग्राफीन कुठे रुजलं, तर माझ्या मते सर्वांत ठाम यश उष्णता पसरवणाऱ्या फिल्ममध्ये आहे. फोनमधली चिप एका बिंदूवर तापते, आणि ती उष्णता झटकन सगळ्या पाठीवर पसरवावी लागते. यासाठी आधी पॉलिइमाइडची फिल्म जाळून केलेली ग्राफाइटची फिल्म वापरत, पण ती जाड करत गेलं की दर्जा बिघडतो. ग्राफीन ऑक्साइडचा लगदा पसरवून, वाळवून, ३,००० अंशांच्या जवळपास तापवून आणि दाबून केलेली फिल्म जाडही करता येते आणि वाहकही राहते. ह्वावेच्या २०१८ च्या मेट २० एक्समध्ये अशी फिल्म होती, नंतर ती अनेक फोनमध्ये आली. इथे ग्राफीन का जिंकलं ते पाहा. रेझिन नाही, त्यामुळे सीमेवरची अडचण नाही. पापुद्रे सपाट एकावर एक बसतात, आणि उष्णता न्यायची असते ती त्यांच्या पातळीतच. वस्तूची गरज आणि पदार्थाचा स्वभाव इथे अगदी जुळले.

दुसरं यश अनपेक्षित जागी मिळालं. फोर्डने २०१८ च्या अखेरीपासून मस्टँग आणि एफ-१५० या गाड्यांच्या बॉनेटखालच्या फोमच्या भागांत ग्राफीन घालायला सुरुवात केली. प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे आवाज १७ टक्के घटला, यांत्रिक गुण २० टक्के आणि उष्णता सोसण्याची क्षमता ३० टक्के वाढली. दोनशे पट वगैरे काही नाही, पण फोमचं वजन आणि साचे न बदलता एवढी वाढ मिळणं वाहन उद्योगात मोठी गोष्ट आहे. मिश्रणाच्या कामात ग्राफीनकडून खरी अपेक्षा ठेवावी ती याच मापाची.

बॅटरीबद्दल सावधपणे वाचा. "ग्राफीन बॅटरी" या नावाने जे विकलं जातं त्यात बहुधा नेहमीचीच लिथियम-आयन किंवा शिशाची बॅटरी असते आणि इलेक्ट्रोडमध्ये वाहकता वाढवायला थोडं ग्राफीन असतं. त्यात गैर काही नाही. कार्बन ब्लॅक आणि नॅनोट्यूब हेच काम आधीपासून करतात. ग्राफीनचे सपाट पापुद्रे इलेक्ट्रॉनला रस्ता देतात, पण लिथियमच्या आयनांची वाट भिंतीसारखी अडवूही शकतात. म्हणून जाड इलेक्ट्रोडमध्ये आणि वेगवान चार्जिंगमध्ये ते एकटं वापरत नाहीत, कार्बन ब्लॅकबरोबर वापरतात. मोठी आशा सिलिकॉनच्या ॲनोडमध्ये आहे. ग्राफाइट एका ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन सुमारे ३,६००. मात्र चार्ज होताना सिलिकॉनचं आकारमान तीन-चार पट फुगतं आणि कणांचा चुरा होतो. ग्राफीनचं लवचीक वेष्टण त्या चुऱ्याला वाहक जाळ्यात धरून ठेवतं.

सर्वांत शुद्ध ग्राफीन जिथे खरोखर कामाला लागलं ती जागा फार कमी लोकांना माहीत आहे: विद्युतरोधाचं प्रमाण. क्वांटम हॉल परिणामाने (अतिथंडीत, तीव्र चुंबकीय क्षेत्रात पातळ थराचा रोध ठराविक पायऱ्यांवरच थांबतो) १२,९०६ ओहमच्या आसपासचा एक अचल आकडा मिळतो, आणि त्यावर जगभरातले रोधमापक जुळवले जातात. आधीच्या गॅलियम आर्सेनाइडच्या उपकरणांना त्यासाठी जास्त थंडी आणि जास्त तीव्र चुंबकीय क्षेत्र लागे. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेलं ग्राफीन तेच काम सौम्य परिस्थितीत करतं, म्हणून अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय मापन संस्थांनी ते अंगीकारलं. अतिथंड जागी चुंबकीय क्षेत्र मोजणारे ग्राफीनचे हॉल सेन्सरही आता विकत मिळतात.

पाणी गाळण्याच्या पडद्यांबद्दल थोडक्यात: ग्राफीन ऑक्साइडच्या पडद्यातून पाण्याची वाफ विनाअडथळा जाते आणि हेलियम अडतो हे मँचेस्टरमध्ये २०१२ मध्ये दिसलं, पण पाण्यात बुडवल्यावर पडदा फुगतो आणि मीठ निसटतं. २०१७ मध्ये इपॉक्सीत घट्ट बसवून ही फूग आवरली गेली. काँक्रीटमध्ये ग्राफीन घालून सिमेंट वाचवण्याचे प्रयोगही चालू आहेत. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एम्सबरीत एका व्यायामशाळेची लादी अशी ओतली गेली. तिथे खरी परीक्षा अनेक वर्षांच्या टिकाऊपणाची आहे.

आता तुमचे लेप. ग्राफीन गंज कसा अडवतं? ऑक्सिजन, पाणी आणि क्षार रेझिनमधून सरळ धातूपर्यंत झिरपत असतात. वाटेत सपाट पापुद्रे आडवे पडले तर त्यांना वळसे घालत जावं लागतं. लॉरेन्स नील्सन यांनी १९६७ मध्ये यासाठी साधं सूत्र दिलं: पापुद्र्याच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तराच्या निम्म्याला आकारमानातल्या प्रमाणाने गुणा, त्यात एक मिळवा, साधारण तितक्या पटीने झिरप कमी होते. पापुद्रे आकारमानाने अर्धा टक्का आहेत असं धरा. गुणोत्तर १,००० असेल तर झिरप साडेतीन पटीने घटते. गुणोत्तर १०० असेल तर सव्वा पटीने. आणि गुठळ्या होऊन ते २० वर आलं तर पाच टक्क्यांचा फरक पडतो, जो तुमच्या ब्रशच्या फटकाऱ्यात हरवून जाईल. माल तोच, प्रमाण तेच, खर्च तोच. फरक फक्त पापुद्रे सुटे राहिले की नाही याचा. पूर्ण बंद हा शब्द या गणितात कुठेच बसत नाही.

आणि इथे एक धोका आहे, जो पुरवठादार सांगणार नाही. ग्राफीन वाहक आहे आणि विद्युतरासायनिक दृष्ट्या पोलादाहून उदात्त आहे, म्हणजे दोन्ही ओलाव्यात जोडले गेले तर झिजतं ते पोलाद. लेपात ते इतकं भरलं की पापुद्रे एकमेकांना टेकून धातूपर्यंत सलग जाळं झालं, तर ओरखडा पडलेल्या जागी पोलाद ॲनोड बनतं आणि एरवीपेक्षा वेगाने झिजतं. २०१३ मध्ये तांब्यावर वाढवलेल्या ग्राफीनचा अभ्यास झाला, त्यात सुरुवातीला संरक्षण दिसलं, पण काही महिन्यांनी ते तांबं उघड्या तांब्यापेक्षा वाईट गंजलं होतं. लेपांची चाचणी काही दिवसांत उरकणाऱ्यांना हे कधी दिसत नाही. त्यामुळे अडथळा म्हणून वापरायचं तर प्रमाण जाळं तयार होण्याच्या मर्यादेखाली ठेवा. चांगल्या पसरलेल्या एकेरी थरांसाठी ही मर्यादा आकारमानाच्या ०.१ टक्क्याइतकी खालीही असू शकते, हे २००६ मध्ये पॉलिस्टायरीनमध्ये दाखवलं गेलं आहे. वर नील्सनचं गणित समजावायला मी अर्धा टक्का धरला. तुमच्या लेपात सुरुवात त्याच्या बरीच खालून करा.

जस्ताच्या प्रायमरमध्ये (पोलादावरच्या पहिल्या लेपात) मात्र हाच दोष गुण होतो. तिथे जस्ताचे कण एकमेकांशी आणि पोलादाशी विजेने जोडलेले असावे लागतात. नेहमीच्या मानकाप्रमाणे सुक्या लेपात वजनाने किमान ८० टक्के जस्त लागतं, ते मुख्यतः हा संपर्क टिकवण्यासाठीच. ग्राफीनचे पापुद्रे कणांमध्ये पुलासारखे काम करतात, त्यामुळे कमी जस्तातही बलिदानी संरक्षण, म्हणजे पोलादाऐवजी जस्ताने झिजणं, चालू राहतं. तुम्ही जस्ताचे प्रायमर बनवत असाल तर मी तिथूनच सुरुवात करेन. ग्राफीनचा खर्च वाचलेल्या जस्तातून निघण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक आहे.

मिसळण्याबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही एका इपॉक्सीत वजनाने एक टक्का पावडर साध्या ढवळणीने घातली. दाटपणा इतका वाढला की अडकलेली हवा बाहेर पडेना, आणि लेपाची पकड साध्या इपॉक्सीपेक्षाही कमी आली. तीच पावडर ०.१ टक्का घेऊन, योग्य डिस्पर्संटबरोबर (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाबरोबर) थ्री-रोल मिलमधून, म्हणजे तीन रुळांत भरडणाऱ्या यंत्रातून, चार वेळा काढली, तेव्हा पकडही टिकली आणि क्षारफवाऱ्यात (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखालच्या गंजचाचणीत) फरकही दिसला. हेगमन गेजवर (रंगातल्या कणांचा बारीकपणा दाखवणाऱ्या पट्टीवर) कण दिसले नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. पातळ थर काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि दोन आठवड्यांनी तोच डबा उघडून पुन्हा बघा, कारण सुटलेले पापुद्रे साठवणीत परत चिकटतात.

ग्राफीनसारख्या इतर पदार्थांत तुमच्या उपयोगाचं पहिलं नाव षटकोनी बोरॉन नायट्राइड. जाळी ग्राफीनसारखीच, पण ते विद्युतरोधक आहे, बँडगॅप सुमारे ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अडथळा तोच मिळतो आणि पोलादाला झिजवणारं विद्युतजाळं तयार होत नाही. उष्णता वाहणाऱ्या पण वीज अडवणाऱ्या पेस्ट आणि पॅडमध्ये त्याची पावडर आधीपासूनच आहे. पातळ थर सोलणं मात्र ग्राफाइटपेक्षा अवघड जातं.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड वंगण म्हणून जुनंच परिचयाचं आहे. त्याचा एकच थर घेतला की त्याचा स्वभाव बदलतो आणि सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा थेट बँडगॅप मिळतो, हे २०१० मध्ये कळलं. ट्रान्झिस्टरमध्ये जे ग्राफीनला जमलं नाही ते याला जमतं. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने त्याचे ५,९०० ट्रान्झिस्टर जोडून ३२-बिट प्रोसेसर चालवून दाखवला. आजच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात हे खरं, पण एका रेणूच्या जाडीच्या थरावर पूर्ण प्रोसेसर चालतो हे पाहून मला मनापासून आनंद झाला होता.

मॅक्सीन हे कुटुंब २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात सापडलं. टायटॅनियम कार्बाइडचे हे थर धातूसारखे वाहक आणि तरीही पाण्यात मिसळणारे आहेत. त्यांची ४५ मायक्रॉनची फिल्म विद्युतचुंबकीय लहरींना ९२ डेसिबलपर्यंत अडवते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण बनवताना सहसा हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, जे अत्यंत घातक आहे, आणि ओलाव्यात ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतात. गंजरोधक लेपासाठी आज मी ते सुचवणार नाही. काळ्या फॉस्फरसचे थर तर हवेतच खराब होतात.

पावडर हाताळण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ती इतकी हलकी असते की पिशवी उघडताच हवेत तरंगते. २०२४ मध्ये १४ स्वयंसेवकांना शुद्ध, पातळ ग्राफीन ऑक्साइड मोजक्या प्रमाणात हुंगवून पाहिलं गेलं, आणि त्यात तातडीचा गंभीर अपाय दिसला नाही. पण तो अल्पकाळचा आणि अतिशुद्ध मालाचा निष्कर्ष आहे. तुमच्या कामगाराला वर्षानुवर्षं मिश्र पावडर हुंगावी लागणार असेल तर त्यावर तो लागू करता येत नाही. म्हणून शक्यतो पावडर घेऊच नका. रेझिनमध्ये आधीच मिसळलेला मास्टरबॅच घ्या. धूळही टळते आणि थर सुटे करण्याचं सर्वांत कठीण काम ज्याच्याकडे यंत्रं आहेत त्याच्या गळ्यात पडतं. पावडरच घ्यावी लागली तर बंद कक्ष, शोषण आणि कणरोधी मास्क यांत तडजोड नको.

तेव्हा पुरवठादाराला इतकं सांगा: मास्टरबॅचचा एक किलोचा नमुना, वेगवेगळ्या तीन बॅचचा. प्रत्येकीचं बीईटी पृष्ठफळ आणि वीस जागांचे रामन आलेख. तुमच्याच इपॉक्सीत ०.०५, ०.१ आणि ०.३ टक्के ग्राफीन येईल अशी तीन मिश्रणं करून तीन पत्र्यांना लावा. चौथा पत्रा ग्राफीनविना, आणि पाचवा ०.१ टक्का साधं बारीक ग्राफाइट घातलेला. हा पाचवा पत्रा बहुतेक लोक विसरतात, आणि पैसे कशासाठी मोजतो आहोत ते तोच सांगतो. सगळ्या पत्र्यांवर सारख्या जाडीचा लेप, मधोमध धातूपर्यंत गेलेला फुलीचा ओरखडा, आणि १,००० तास क्षारफवारा. मग ओरखड्याच्या कडेने लेप सोलून गंज किती मिलिमीटर आत शिरला ते मोजा. ०.१ टक्क्याचा पत्रा ग्राफाइटच्या पत्र्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला आणि तिन्ही बॅच सारख्या वागल्या, तर भावाची बोलणी सुरू करा.